विजयानंतरचे सहा महिने
(क्रीडा सप्ताहाच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



आपल्या मुलांनी आंतर-सोसायटी क्रिकेटचा करंडक सलग दुसऱ्यांदा आणला. मनापासून अभिनंदन! पण पोरं हल्ली सरावाला फिरकत नाहीत, असं कानावर आलंय. म्हणून १९८३ सालाबद्दल बोलतो.

लॉर्ड्सवर आपण १८३ धावांत गारद झालो होतो. समोर दोन वेळचे विश्वविजेते. रिचर्ड्स ३३ पर्यंत मजेत मारत सुटला, मदनलालला उचलायला गेला, कपिलने मागे धावत झेल घेतला आणि त्यांचा डाव १४० वर आटोपला. हे तुम्हाला पाठच आहे. पुढचं मात्र कुणी सांगत नाही! त्याच वर्षी लॉइडचा संघ भारतात आला. पाचही एकदिवसीय सामने त्यांनी जिंकले, कसोटी मालिका ३-० अशी घेतली. आता जगज्जेते आपण होतो आणि डिवचलेले ते! कानपूरला मार्शलच्या चेंडूने गावसकरांच्या हातातली बॅटच उडवली.

बँकेत आम्ही म्हणायचो, थकलेल्या खात्यावर दहा जणांचं लक्ष, चोख खात्याची फाइल कुणी उघडत नाही. असो.

गावसकरांनी पुढच्याच दिल्ली कसोटीत शतक ठोकलं, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली. एवढ्यावर कुणीही समाधानी झालं असतं. पण डिसेंबरात मद्रासला, शून्यावर दोन बाद असताना ते खेळायला आले आणि २३६ वर नाबाद राहिले.

तर मुलांनो, रविवारी सकाळी साडेसहाला नेट लावायचं आहे. किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. चहाचा थर्मास मी आणतो.