नांव कोणीं ठेवावें?
(नया नगर, मीरा रोड येथें एका खेड्यांतील शाळामास्तरानें केलेलें भाषण)



मी खेड्यांतला शाळामास्तर. वीस वर्षें हजेरीपट उघडून पोरांचीं नांवें पुकारणें हाच माझा धंदा. तेव्हां नांवाविषयीं चार शब्द बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे असें समजून ते ऐकून घ्यावे.

आज आपण जेथें बसलों आहों त्या वस्तीचें नांव नया नगर. नया म्हणजे नवें. ह्या नांवांत कोणाची जात नाहीं, कोणा राजाचा विजय नाहीं, कोणाची हेटाळणी नाहीं. शेजारीं भाईंदर, नवघर, काशी, घोडबंदर हीं भातशेतीचीं आणि मिठागरांचीं जुनीं गांवें. जमिनीच्या कागदावर 'मौजे मिरे' आणि आगगाडीच्या फलाटावर 'मीरा रोड'. त्यावरून कोणीं कोणाचें डोकें फोडलें नाहीं. मग नांवावरून माणसें भांडतात तीं केव्हां? माझें उत्तर असें कीं, नांव ठेवणारा एक आणि तें जन्मभर वाहणारा दुसरा, असें झालें म्हणजे भांडण उभें राहतें.

ही रीत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत नांवें ठेवण्याचा नियमच घालून दिला आहे. ब्राह्मणाच्या पोराचें नांव मंगल असावें, क्षत्रियाचें बळाचें, वैश्याचें धनाचें, आणि शूद्राचें मात्र निंदेचें! म्हणजे पोर अजून पाळण्यांत आहे, त्यानें कोणाचें कांहीं बिघडविलें नाहीं, तोंच त्याची पायरी ठरून गेली. जोतीराव फुल्यांनीं हें वर्म नेमकें ओळखलें होतें. १८६९ सालीं त्यांनीं शिवाजी महाराजांचा पवाडा रचला, त्यांत महाराजांना कुळवाडीभूषण म्हटलें. नांगर धरणाऱ्याला जें नांव हिणवण्यासाठीं वापरीत, त्यालाच त्यांनीं छत्रपतींच्या शिरावर चढविलें.

दुसरें उदाहरण घ्या. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणावें असें ठरलें, तें वरून ठरलें. शब्द गोड होता. पण ज्यांना तो लावायचा त्यांना कोणीं विचारलें? १९३८ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत लोकल बोर्डाच्या कायद्यांत हा शब्द घालण्याचें निघालें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांनीं हरकत घेतली आणि ती मानली गेली नाहीं म्हणून आपल्या पक्षासह सभागृह सोडलें. शिवी नको, तशी दयाहि नको. आमचें नांव आम्हांस ठरवूं द्या, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

पुढें मराठवाड्यांत काय झालें तें वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि खेडोपाडीं दलितांचीं घरें जळूं लागलीं. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी गांवीं पोचिराम कांबळे यांस ठार मारण्यांत आलें. त्यांना विद्यापीठाच्या पाटीशीं काय करावयाचें होतें? पाटी हें निमित्त. कालपर्यंत ज्याला 'अरे' म्हणून हांक मारली त्याचा माणूस उद्यां विद्येच्या दारावर नांव लावणार, हें सोसवेना. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला. दोन शब्द लिहावयास पंधरा वर्षांवर काळ आणि इतके जीव लागले!

महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा हीं नांवें तर कालपरवांपर्यंत सरकारी कागदांत होतीं. डिसेंबर २०२० मध्यें राज्य सरकारनें वस्त्यांचीं आणि रस्त्यांचीं जातिवाचक नांवें काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशीं नांवें देण्याचा निर्णय केला. हें योग्यच झालें. अर्जावर पत्ता लिहितांना पोराची मान खालीं जाते, ती मीं वर्गांत पाहिली आहे. पण पाटी बदलली तरी जिभेवरचें नांव राहतें. तें काढण्याचें काम सरकारचें नव्हे, तुमचें आमचें आहे.

आतां शहरांचीं नांवें. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी पुढें फत्तेहनगर झाली, १६५३ सालीं औरंगाबाद झाली, आणि २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर झाली. उस्मानाबादचें धाराशिव झालें, आणि २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर. कोणाला आनंद झाला, कोणाच्या मनाला लागलें. मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ च्या मे महिन्यांत संभाजीनगर आणि धाराशिवविरुद्धचे अर्ज फेटाळले. चौंडीच्या धनगर घरांतील लेकीचें नांव जिल्ह्यास लागलें ह्याचा मला अभिमान वाटतो. परंतु मेंढरांच्या चराईचें रान त्या नांवानें परत मिळालें का, हेंहि विचारलें पाहिजे. खडकीपासून आजपर्यंत एकदां तरी कोणीं हिमरू विणणाऱ्या कारागिराला विचारलें का, कीं बाबा, तुझ्या गांवाला काय म्हणावें? आणि अत्तार, तांबोळी, बागवान हेहि आमच्यासारखेच हातावर पोट असलेले भाऊ आहेत. नांव बदललें म्हणजे गांव आपला राहिला नाहीं, असें त्यांना वाटूं देणें हा आपला धर्म नव्हे. जातीचें नांव काढणें म्हणजे माणसाच्या अंगावरचा डाग पुसणें. दुसऱ्याला चिडविण्यासाठीं नांव बदलणें म्हणजे त्याच्या अंगावर नवा डाग टाकणें. हा भेद ओळखा.

आतां माझा स्वतःचा गुन्हा सांगतों. नोकरीच्या पहिल्या वर्षीं एका कुळवाड्यानें पोराचें नांव घालावयास आणलें. म्हणाला, ज्ञानेश्वर. घरीं त्याला ज्ञानू म्हणत, म्हणून मीं रजिस्टरांत 'ज्ञानू तुका' असें लिहून टाकलें. पुढें बाप वारला. सातबाराला वारसाची नोंद करावयाची, तर आधारावर ज्ञानेश्वर तुकाराम आणि शाळेच्या दाखल्यावर ज्ञानू तुका! प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्या दोन अक्षरांपायीं माझे सहा दिवस बुडाले." मीं जुनें रजिस्टर काढलें. त्याच पानावर एका वजनदार घरच्या मुलाचें नांव होतें. तें मीं बापाच्या नांवासकट पूर्ण, 'राव' लावून लिहिलें होतें. मनूला नांवें ठेवणारा मी; माझ्या हातून मनूच लिहून गेला होता! ती लाज अजून गेलेली नाहीं.

म्हणून हात जोडून सांगतों. पोराचें नांव शाळेंत घालतांना मास्तरानें काय लिहिलें तें वाचून घ्या. वाचतां येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे. सातबारा काढा आणि त्यावरचें नांव आधाराशीं ताडून पाहा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत सरकारी कागदावर आधीं आईचें व मग बापाचें नांव लागतें. शेतांत जी बरोबरीनें राबली तिचें नांव कागदावर यावयास इतकीं वर्षें लागलीं. निदान तें शुद्ध लिहवून घ्या. आणि गांवाचें, वस्तीचें, रस्त्याचें नांव बदलावयाचें असेल तेव्हां ग्रामसभेस जा, शेवटच्या घरच्या म्हातारीलाहि बोलूं द्या. जिला त्या नांवानें हांक ऐकावयाची आहे, तिला पहिला कौल.

उद्यां मी पुन्हां हजेरी घेईन. प्रत्येक पोराचें नांव पूर्ण घेईन. तुम्हीहि आपल्या गड्याला, कामवालीला, कारागिराला पूर्ण नांवानें हांक मारा. एवढें केलेंत तर माझ्या बोलण्याचें सार्थक झालें असें मी समजेन.