कोंकण भवनाच्या दारात
(वनहक्क अपिलाच्या सुनावणीआधी बेलापूर, नवी मुंबई येथे गावकऱ्यांसमोर केलेले भाषण)



पहाटेच्या अंधारात पाड्यावरून निघालो, ठाण्याला पनवेलची लोकल धरली आणि आता या मोठ्या इमारतीसमोर बसलो आहोत. पुकारा होईपर्यंत थोडं बोलून घेऊ. छातीत धडधडतंय ना? आमच्याही धडधडतंय. आम्ही तर इथं अनेकदा आलोय.

शिबिरात "आत्मविश्वास पाहिजे" असं सगळेच सांगतात. पण तो काय असतो, ते आम्हाला एका म्हातारबाबांमुळे कळलं. मागे एका कचेरीत त्यांना विचारलं, "जमीन कधीपासून कसता?" बाबा हात जोडून म्हणाले, "साहेब म्हणतील तसं." झालं, कागदावर शेरा पडला. त्याच रात्री चुलीपाशी बाबांनी आम्हाला सगळं सांगितलं. कुठला बांध कुणी घातला, विहिरीला पाणी किती हातांवर लागलं, दंडाची पावती कुठल्या सालच्या पावसात भिजली. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. ती कचेरीच्या दारात अडकली. पिढ्यान् पिढ्या ज्याला "तुला काय कळतं" म्हटलं, त्याच्या तोंडाला असं कुलूप लागतं. यात बाबांची चूक नाही.

1945 च्या 23 मे ला झरीला हजारो वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं ठरवलं. ती काय शिकली-सवरलेली, भाषणं देणारी माणसं होती? सावकार तोच, मारही तोच. पण बाजूचा वारली "नाही" म्हणाला, म्हणून आपलीही जीभ उचलली. गोदावरी परुळेकरांनी "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात त्या लढ्याबद्दल लिहिलंय. पाड्यावर एखादी प्रत असेल तर पोरांकडून वाचून घ्या.

आपणही तसंच केलं. मागच्या महिन्यात पाड्यावर खोटी सुनावणी घेतली. आजी साहेब झाल्या, खाटेवर बसल्या आणि असे आडवे प्रश्न विचारले की आपण हसून हसून लोळलो. पण तिसऱ्या फेरीला बाबा सरळ बोलले.

आता एक कडू गोष्ट. आपल्यातला एक तरुण फार जोरात बोलायचा. सालं माहीत नसताना ठोकून दिली, उलट प्रश्न आला आणि गडबडला. मोठा आवाज म्हणजे आत्मविश्वास नव्हे. "हे मला माहीत नाही, माझ्या बाजूच्या काकांना विचारा," असं मान वर करून म्हणता येणं, आम्हाला तरी तेच मोठं वाटतं. रेशन दुकानात पावती मागताना, दवाखान्यात "गोळी कशाची?" विचारताना हीच सवय करा. साहेबासमोर एकदम येत नाही ती.

आणि कायदा पाठीशी आहे, हे विसरू नका. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा आहे. उपग्रहाच्या फोटोत प्लॉट दिसत नाही म्हणाले तर सांगा, फोटो बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून आहे, त्यांच्या जागी नाही. दावेदार सोडून दुसऱ्या वयस्क माणसाचा लेखी जबाब हासुद्धा नियमात पुरावा आहे. बांध, विहीर, घर, मसणवट, हेही पुरावेच. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. 2020 साली राज्यपालांच्या अधिसूचनेनं जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करता येऊ लागलं, म्हणून तर आपण आज इथं आहोत. मेहेरबानी मागायला आलेलो नाही.

शब्द अडला तर आपल्या बोलीत बोला, आम्ही मराठीत सांगू. साहेब मधे बोलले तर थांबा, मग राहिलेलं पुरं करा. बाहेर येताना आज काय लिहून घेतलं, ते वाचून दाखवायला सांगा आणि मगच अंगठा द्या.

पहिला नंबर आपल्या आजींचा आहे. आजी, पाणी पिऊन घ्या. पावत्यांची पिशवी कुणाकडे आहे?