प्रवास : कष्ट आणि फलश्रुती

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अंधेरी येथे केलेले भाषण)



प्रवासाविषयी बोलावयास एखादा देशोदेशी हिंडलेला वक्ता अधिक शोभला असता. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे राहून रोज गाडीने कामावर जाणारा आणि वर्षातून एकदा कोकणात गावी जाणारा मनुष्य काही कमी प्रवासी नव्हे. ज्या देशाची घडण अद्याप चालू आहे, तेथील प्रवासाचे कष्ट कोणते व लाभ कोणता, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार?

आपल्या वडीलधाऱ्यांचा गावाकडचा मार्ग पाण्यावरून जाई. हर्णैसारख्या बंदरी आगबोट किनाऱ्यापासून दूर उभी राही. तेथून हलत्या पडावात उतरावयाचे. ट्रंका, बोचकी आणि तान्ही मुलेसुद्धा एका हातातून दुसऱ्या हातात द्यावयाची. या आठवणी आज गोड वाटतात. परंतु १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांतील कित्येक जण अमावास्येच्या सणासाठी घरी निघाले होते. तेव्हा जुन्या कष्टांचे कौतुक करताना त्यांची किंमत विसरणे योग्य नव्हे.

पुढे १९४८ साली एस. टी. सुरू झाली व यथाकाल तिची लाल गाडी कोकणच्या गावोगावी पोहोचली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरांचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा आपण आज डुलक्या घेत पार करतो. पण तो डोंगर ज्यांनी फोडला, त्यांच्यापैकी किती जणांना आपण ओळखतो? हा मार्ग बांधताना जे कामगार मृत्यू पावले, त्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकापाशी आहे. गाडी तेथे थांबेल, तेव्हा मुलांना ते अवश्य सांगावे. ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे-मडगाव गाडी बोरिवलीमार्गे सुरू झाली, तेव्हा पश्चिम उपनगरांतील कुटुंबांची दादर-ठाण्याची एक खेप वाचली.

आता रोजच्या प्रवासाकडे वळू. ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि त्या गाडीनेच ही उपनगरे वसविली. मात्र माणसे जितक्या वेगाने वाढली, तितक्या वेगाने गाड्या वाढल्या नाहीत. अलीकडच्या वर्षांतही उपनगरी रेल्वेच्या हद्दीत, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून व अन्य कारणांनी, दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावली. याला सोशिकपणा म्हणून गौरविण्यात अर्थ नाही. अधिक गाड्या, अधिक पूल मागणे हा आपला हक्क आहे व ते मागत राहणे हे कर्तव्यही आहे.

तथापि याच गाडीत एक गोष्ट पाहावयास मिळते. दुसऱ्या वर्गाचे बाक तिघांसाठी असते. त्यावर चौघे बसतात. ही चौथी जागा रेल्वेने दिलेली नाही. तिघे थोडे थोडे सरकतात म्हणून ती निर्माण होते. सरकणारा त्या चौथ्याचे नाव, गाव वा ज्ञात विचारीत नाही. आमच्या मते अपुऱ्या साधनांच्या देशातील प्रवासाचा खरा लाभ हाच होय. देवदर्शन, हवापालट, स्थलदर्शन हे सारे त्यानंतर.

पण याच डब्यात उलट वर्तनही दिसते. विरारच्या गाडीत बोरिवलीच्या उतारूस दारात अडविणारे, रुमाल टाकून आपल्या टोळीसाठी बाके धरणारे, गणेशोत्सवात एकाच कुटुंबासाठी दोन दोन गाड्यांत जागा अडवून ठेवणारे, हे कोणी परके नव्हेत; त्यांत आपलेही लोक असतात. साधने अपुरी असली की 'आधी आपला माणूस' ही बुद्धी बळावते. ज्ञातिसंस्थेत उभे राहून हे बोलावयाचे आम्ही धाडस करतो, कारण संस्थेचा जन्म आपल्या माणसास आधार देण्यासाठी झाला. दुसऱ्याची वाट अडविण्यासाठी नव्हे.

म्हणून दोन सूचना करून आम्ही थांबतो. गणपतीसाठी सामुदायिक आरक्षणाने एस. टी.ची गाडी ठरविली जाते, तेव्हा तीत उरलेल्या जागा त्याच वाटेने जाणाऱ्या शेजाऱ्यांस, ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, त्याच दराने द्याव्यात. आणि नको असलेले तिकीट वेळीच रद्द करावे. प्रतीक्षा यादीत अडकलेल्या एखाद्या म्हातारीला त्यामुळे आपले घर गाठता येईल. गाड्या वाढविणे आपल्या हाती नाही, परंतु थोडे सरकणे निश्चित आहे.