मन लागत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

(विद्यापीठाच्या वसतिगृहात मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासमंडळासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला दिलेला विषय आहे 'अभ्यासाची प्रेरणा कशी टिकवावी'. तो मी थोडा बदलून घेते. ज्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्या घरातून जनरलच्या डब्यात दारापाशी बसून तुम्ही इथवर आलात. अर्ज, जात पडताळणी, प्रवेश परीक्षा, सगळं स्वतः निस्तरलंत. अशा माणसात प्रेरणा कमी आहे, हे मला पटत नाही. तरीही पुस्तक उघडवत नाही, हेही खरं आहे. मग होतं काय?

माझं सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी साडेचार महिने मी एक ओळ लिहिली नाही. सकाळी लॅपटॉप उघडायचा, प्रकरणाची फाइल बघायची, बंद करायचा. संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवली काय? अभ्यास सुरू आहे नं?" मी म्हणायचे, "हो, जोरात सुरू आहे." फोन ठेवला की रडायला यायचं. खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्या फोटोखाली बसून मी अठरा मिनिटंही वाचू शकत नव्हते. शेवटी मी टेबल फिरवलं, फोटो पाठीमागे येईल असं. हे आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते आहे.

तेव्हा मी स्वतःला आळशी म्हणत होते. नंतर एका मैत्रिणीने वहीत लिहायला लावलं की तुझ्या डोक्यात दिवसभर काय चालतं. यादी अशी निघाली. फेलोशिप पाच महिने थकलेली. मेसचं बिल बाकी. घरी पैसे पाठवायचे होते, ते पाठवले नाहीत. पहिल्या प्रकरणावर शेरा आलेला, 'भाषा सुधारा'. नेमकी कुठली भाषा, कशी सुधारायची, ते लिहिलेलं नव्हतं. आणि सेमिनारमध्ये बाकीचे लोक मोठमोठ्या विचारवंतांची नावं घरातल्या काका-मामांसारखी घेत होते, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. या यादीत आळस कुठेच नव्हता.

समाजशास्त्रात याला शब्द आहेत. पिअर बूर्दिए आणि त्यांचे सहकारी पासरों यांनी 1964 साली फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'वारसदार'. शिकलेल्या घरातली मुलं पुस्तकांची सवय, बोलण्याची ढब, प्राध्यापकांसमोरचा सहजपणा घरूनच घेऊन येतात, आणि विद्यापीठ त्यालाच हुशारी समजतं, असं ते मांडतात. आपल्याकडे या वारशाला जातही जोडलेली आहे. ज्याला हा वारसा नाही, त्याला एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करावे लागतात, एक छापलेला आणि एक न छापलेला. दुसऱ्याचे गुण कुणी देत नाही, पण दमायला त्यानेच होतं.

त्या काळात मी बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा वाचलं. या वेळी तास मोजायला नाही, तर अभ्यास कशावर उभा होता ते बघायला. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागायचे, मुलाला उठवायचे आणि मग त्याच्या जागेवर स्वतः झोपायचे. 1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते अमेरिकेला गेले. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, तर लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला 1920 उजाडलं. तेही सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज, एवढं जुळल्यावर. पुढे लंडनला दिलेला प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तो सुधारून पुन्हा पाठवला, तेव्हा 1923 साली डी.एस्सी. मिळाली.

म्हणजे बाबासाहेबांचाही अभ्यास तीन वर्षं अडला होता. त्यांचाही मजकूर परत आला होता. हे आपल्याला जयंतीच्या भाषणात सांगत नाहीत. आपल्याला फक्त अठरा तास सांगतात, आणि तो आकडा आपण स्वतःला मारायला वापरतो.

हेच आपल्या चळवळीलाही माहीत होतं. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झालं. 'शिका' एवढं म्हणून ते थांबले नाहीत. शिकायला खोली लागते, ताट लागतं, दिवा लागतो, सोबत लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. आपणही प्रेरणेची वाट बघण्याऐवजी सोय बघू या.

मला उपयोग झाला ते सांगते. पहिलं, 'मन लागत नाही' हे वाक्य फोडा. भूक आहे, झोप नाही, पैसा अडलाय, समजत नाही, की भीती वाटते? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. समजत नसेल तर इंग्रजी परिच्छेद वाचून त्यावर पाच ओळी मराठीत लिहा. माझं अडलेलं प्रकरण आधी मराठीतच सुटलं. दुसरं, एकट्याने बसू नका. आम्ही तिघी वाचनालयात एका टेबलावर बसायला लागलो. बोलायचं नाही, फक्त बसायचं, रोज एक तास. ज्या दिवशी काही सुचायचं नाही, त्या दिवशी मी नुसतं टिपण उतरवून काढलं. तरी उठून गेले नाही.

तिसरं, थकलेल्या पैशाची लाज एकट्याने वाहू नका. किती जणांचे थकलेत त्याची यादी करा, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, पोच घ्या, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा. रोहित वेमुलाला आपण 17 जानेवारी 2016 ला गमावलं, तेव्हा त्याचे सात महिन्यांचे फेलोशिपचे पैसे येणं बाकी होते. हा विषय कुणाच्या खासगी अडचणीचा नाही.

चौथं, झोप आणि भूक दोन-दोन आठवडे उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न उरलेला नाही. डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि मित्राच्या खोलीचं दार दोन दिवस बंद दिसलं, तर वाजवा.

शेवटी मी आईला खरं सांगितलं. म्हटलं, "चार महिने झाले, काहीच लिहिलं नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "निंदणाला एकटी बाई लावली तर वावर सरत नाही, बाई. सोबत घे कोणाची." सोबतीचं ते टेबल तिच्या या बोलण्यानंतरच सुरू झालं.

ते टेबल अजून चालू आहे. वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळ, संध्याकाळी सात ते आठ. चार खुर्च्या रिकाम्या आहेत. मन लागत नसेल तरी या.

जय भीम.