तारेचे वेढे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजक म्हणाले, 'तू काय करतोस ते थोडक्यात सांग.' मी इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बनवतो. शेजारी अजून माझ्याकडे मिक्सर दुरुस्तीला आणतात, तेव्हा तुम्हालाही समजावून सांगायला हवं. विज्ञानाच्या बाईंना मात्र नको. त्यांनी तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केलं होतं आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला होता. मी तेव्हा वर्गाबाहेर उभा होतो. फॅरेडेच्या त्याच प्रयोगावर आज माझं घर चालतं.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तारेचे ७-८ हजार वेढे. वर गिटारची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती ॲम्प्लिफायरकडे जाते. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण त्याची धार जाते. दोन्ही एकदम मिळत नाही. फेंडरच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरवर एकेरी वेटोळ्याचे पिकअप आहेत. ते स्वच्छ वाजतात, पण आसपासच्या विजेची घूं-घूंही पकडतात. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ साली दोन वेटोळी शेजारी ठेवून उलटसुलट जोडली. घूं-घूं एकमेकांत विरली, तारेचा आवाज राहिला, आणि तो जाडही झाला. मंगल कार्यालयात, दिव्यांच्या माळांखाली वाजवणाऱ्यांना मी बहुधा हेच दुहेरी पिकअप देतो.

गिऱ्हाईक येतं ते एखाद्या मोठ्या वादकाचं नाव घेऊनच. 'त्याच्यासारखा आवाज पाहिजे.' मी म्हणतो, आधी बस आणि वाजव. लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो वादकांच्या हाती गिटार द्यायचा आणि त्यांचं ऐकायचा. मला थोडीफार येते, आणि खरं सांगतो, तीच कधीकधी आड येते. जोरात आघात करणाऱ्याला कमी वेढे पुरतात. हलक्या हाताला थोडे जास्त लागतात.

हे सगळं मला येतं असं मी समजत होतो. मागच्या वर्षी आपल्यातलाच एक जण दुकानात आला. नववीच्या गॅदरिंगमध्ये त्याने गिटार वाजवली होती, म्हणजे तुम्ही ओळखलंच. त्याला विचारूनच सांगतोय. गिटार टेबलावर ठेवून म्हणाला, "पिकअप गेलाय बघ, आवाजच येत नाही." मी मीटर लावला. ६ किलोओहम, अगदी ठणठणीत. मी हसत म्हणालो, "पिकअपला काही झालेलं नाही रे. तुझ्याच हातात काहीतरी झालंय."

तो काही बोलला नाही. मग उजवा हात पुढे केला. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता.

मी आधी पिकअप तारांच्या जवळ घेतला. फार जवळ नेला तर चुंबक तारेलाच ओढतं आणि सूर डळमळतो, तसंच झालं. पुन्हा खाली केला. बारीक तारा चढवल्या. मग आणखी बारीक तांब्याच्या तारेचे साडेनऊ हजार वेढे देऊन नवा पिकअप बनवला. त्याने वाजवून पाहिलं, म्हणाला, "मोठा झाला, पण माझा नाही वाटत. घोंगडं पांघरून वाजवल्यासारखा वाटतोय." बरोबर होतं त्याचं. दुसऱ्यांदा हजारभर वेढे कमी केले आणि आवाजाच्या बटणाखालचा २५०चा पॉट काढून ५००चा बसवला, त्याने धार थोडी परत येते. त्या दिवशी तो दुपारी ३ वाजता आला आणि दुकान बंद करायची वेळ झाली तरी वाजवत होता. मी बिल केलं नाही, यावरून आमचं भांडण झालं ते वेगळं.

चहानंतर तो इथे वाजवणार आहे. पिकअप एकेरीच ठेवलाय, त्याला तोच हवा होता. तेव्हा मांडववाल्यांना कोणीतरी सांगा, दिव्यांच्या वायरी स्टेजवरून जरा लांब घ्या.