‘तुम्हीच ठोकली गाडी!’ : आरोप आला तर काय करावं?

आज मी वाराणसीहून बोलतोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी इथेच कॅन्टोन्मेंटजवळ घर केलं. महाराष्ट्रातून, इंदूर-बडोद्याहून, बेळगाव-हैदराबादहून काशीला येणारी आपली माणसं इथे भेटत असतात. पूर्वी बहुतेक जण रेल्वेने यायचे. आता पुष्कळ कुटुंबं स्वतःची गाडी घेऊन येतात. १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धामचं लोकार्पण झालं, तेव्हापासून गर्दी आणखी वाढली. जुन्या काशीच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. ती बेनियाबाग किंवा मैदागिनकडे पार्किंगमध्ये लावायची आणि पुढे पायी किंवा ई-रिक्षाने जायचं.

आणि मग असं होतं. दर्शन घेऊन तुम्ही परत येता. गाडीपाशी एक माणूस उभा असतो. म्हणतो, “आपने मेरी गाड़ी ठोकी है.” तुम्हाला तर काहीच आठवत नाही. आजूबाजूला दहा माणसं जमतात. आपल्या गाडीचा नंबर बाहेरचा, भाषा बाहेरची. बरोबर म्हातारी आई, मुलं. अशा वेळी काय करायचं, हा आजचा विषय.

पहिली पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. या पाच मिनिटांत तीन गोष्टी करायच्या नाहीत. कबूल करायचं नाही, भांडायचं नाही आणि निघून जायचं नाही.

आपल्याकडे “सॉरी हं, बघू, देऊन टाकू” असं पटकन तोंडातून जातं. त्यात चांगुलपणा असतो, पण तुमच्या विम्याची पॉलिसी काढून वाचा. तिच्या अटींत लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये, पैसे देण्याचं वचनही देऊ नये. तेव्हा एवढंच म्हणा, “आपण दोघं मिळून बघू या काय झालंय.”

निघून का जायचं नाही? कारण मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४. अपघातात कोणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर पोलिसांनी विचारलेली माहिती चालकाने द्यायची. पोलीस तिथे नसतील तर शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या ठाण्यात कळवायचं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. तुम्ही ठोकलेलीच नसेल तर हे कर्तव्य तुमच्यावर येत नाही, हे खरं. पण वाद उभा राहिलाय आणि तुम्ही गाडी काढून निघालात, तर पाहणाऱ्याला तो पळ वाटतो. जमाव अंगावर येतोय असं दिसलं तर मात्र आधी माणसं सुरक्षित जागी न्या आणि ११२ लावा.

काही जण म्हणतात, “पार्किंग ही खाजगी जागा, इथे कायदा कुठला?” हा गैरसमज आहे. १९८८ सालीच मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने सांगितलंय की विम्याच्या तरतुदींसाठी, जिथे लोकांना ये-जा करता येते ती खाजगी मालकीची जागाही ‘सार्वजनिक जागा’ धरायची, मग तिथला प्रवेश खुला असो की नियंत्रित.

आता मुख्य मुद्दा. फौजेत गाडीचा अपघात झाला की ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ बसते. आर्मी रूल्स, १९५४ मधला नियम १८० माझ्या फार आवडीचा. ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर चौकशीचा परिणाम होऊ शकतो, त्याला चौकशीच्या वेळी पूर्ण वेळ हजर राहू द्यायचं, त्याला आपलं म्हणणं मांडू द्यायचं, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यायचे. पाठीमागे निवाडा करायचा नाही. आरोप म्हणजे पुरावा नव्हे, आणि नकार म्हणजेही पुरावा नव्हे. दोघांच्या डोळ्यांसमोर जे मोजता येतं, तो पुरावा.

पार्किंगमध्ये हे कसं करायचं, ते एका प्रसंगातून सांगतो.

दोनेक वर्षांपूर्वी नागपूरच्या एका परिचित कुटुंबाचा मला इथल्या एका पार्किंगमधून फोन आला. मी पोचलो तेव्हा आवाज चढलेले होते. शेजारच्या टॅक्सीच्या मागच्या दाराला पोचा पडलेला. टॅक्सीवाला पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, पंधरा हजार मागत होता. “बाहर के लोग ठोककर भाग जाते हैं,” हे त्याचं म्हणणं. “एमएच नंबर पाहून लुटतायत,” हे आमच्या काकांचं.

मी म्हटलं, “बेटा, पहले नाप लेते हैं.” समोरच्या दुकानातून टेप आणली आणि ती त्या पोराच्याच हातात दिली. पोचा जमिनीपासून किती उंचीवर? त्याने मोठ्याने वाचलं, एकतीस इंच. नागपूरच्या गाडीच्या बंपरचा सगळ्यात पुढे आलेला भाग? बावीस इंच. त्याच्या वर दिव्याची काच, ती धड. बंपरवर ओरखडा नाही. गाडी पांढरी, पण पोच्यात पांढऱ्या रंगाचा कण नाही. उलट पोच्याच्या कडेला रंग उडालेला होता आणि तिथे तांबूस गंज चढला होता. दीड तासात तसा गंज चढत नाही. हे कोणी त्याला सांगितलं नाही. टेप धरून तो स्वतःच बघत राहिला.

मग गोष्ट बाहेर आली. टॅक्सी मालकाची. पोचा दिसला की मालक पगारातून पैसे कापणार. पोच्याकडे त्याचं लक्ष तिथे गेलं आणि कोणीतरी म्हणालं, शेजारची पांढरी गाडी तिरकी लागली होती. त्याला खरंच वाटलं की हीच. तो लबाड नव्हता, घाबरलेला होता.

मी कागद मागवला. तारीख, वेळ, दोन्ही गाड्यांचे नंबर, मोजमापं लिहिली. दोघांच्या सह्या घेतल्या, त्याला फोटो पाठवले. हा कागद मालकाला दाखव म्हटलं. काकांनी खाली आपला फोन नंबर लिहिला आणि म्हणाले, “मालक विचारेल तर मी सांगीन, जुना पोचा आहे.” आल्यापासून ओरडत होते, तेच हे काका.

यातलं तुम्ही उचलायचं ते हे. गाडी हलवण्याआधी फोटो काढा. एक लांबून, दोन्ही गाड्या, पार्किंगचे खांब आणि रेषा दिसतील असा. एक जवळून, टेप किंवा पट्टी लावून. उंची जुळते का, रंग लागलाय का, धूळ-गंज आहे का, ते पाहा. पार्किंगची पावती जपून ठेवा, तिच्यावर बहुधा वेळ असते. जागेवर असलेल्या कामगाराचं नाव लिहून घ्या.

सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, “अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा,” आणि पोच घ्या. जुन्या चित्रणावर नवं चढत जातं, उशीर केला तर हाती काही लागत नाही. मोबाईलवर पाठवलेली क्लिप कोर्टात तशीच चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल खटला झाला. त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुरावा म्हणून होतं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

आणि मोजमाप तुमच्याविरुद्ध गेलं तर? तर ते सरळ स्वीकारा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. खाजगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. आपल्या गाडीच्या किरकोळ ओरखड्यासाठी मात्र दावा करण्याआधी हिशोब करा. नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांपर्यंत असतो, तो जाऊ शकतो.

कोणी पुरावा पाहायलाच तयार नसेल, फक्त धाक दाखवून पैसे मागत असेल, तर ११२ लावा. धाकाने पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. “पाचशे देऊन सुटू” म्हणून विनाकागद पैसे देऊ नका. उद्या तोच माणूस म्हणेल, ठोकली नव्हती तर दिले कशाला?

शेवटचं एक. तुमच्या गाडीला पोचा पडलेला दिसला आणि आरोप करायची पाळी तुमच्यावर आली, तर आधी टेप काढा, मग बोट दाखवा. आरोप खोटा ठरला तरी समोरच्याला मान खाली न घालता माघार घेता येईल एवढी वाट ठेवा. वाट बंद केली की चुकलेला माणूसही शेवटपर्यंत लढतो, हे फौजेत आम्ही पाहिलंय. गाडीचा पत्रा कुठलाही गॅरेजवाला सरळ करून देईल.

काशीला आलात तर जरूर भेटा. जय हिंद.