मेहेरबानीचं कार्ड

स्वागताध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'मृदुभाषी' म्हटलं. तेवढं जरा वेळ विसरा.

तुमच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी एक ठराव छापलाय : परदेशस्थ भारतीयांना दुहेरी नागरिकत्व मिळावं. मागणीला माझा पाठिंबा आहे, ठरावाला नाही. त्यात शेतजमीन घ्यायचा हक्क आहे, परदेशात बसून मतदान आहे, विमानतळावर वेगळी रांगसुद्धा आहे. मात्र माणसाला दारातून परत पाठवायचं असेल तर कारण लेखी द्या, एवढी एक ओळ त्यात नाही. रुखवतात काय मांडायचं त्याची यादी तयार, लग्न ठरलंय की नाही ते कुणी विचारलंच नाही!

जानेवारी २००३ मध्ये दिल्लीत पहिला प्रवासी भारतीय दिवस झाला. वाजपेयींनी दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली, टाळ्या पडल्या. डिसेंबरात संसदेनं कायदा केला, तोही निवडक सोळा देशांपुरता. २००५ मध्ये तो बदलला आणि हाती आलं ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मिळाला तो आयुष्यभराचा व्हिसा, आणि आपण पेढे वाटले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ जागच्या जागी आहे : दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीनं घेतलंत की भारताचं गेलं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांतला एकही देश नव्या नागरिकाला 'आधीचं सोड' म्हणून अडवत नाही. अडवतो तो आपलाच कायदा.

निष्ठा दोन ठिकाणी असू शकत नाही, असं आपल्याला सांगितलं जातं. बरं. जानेवारी २०१७ मध्ये हाच प्रवासी भारतीय दिवस आपल्या बंगळूरमध्ये भरला, आणि प्रमुख पाहुणे होते अंतोनियो कोस्ता, पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान. वडील ओर्लांदो द कोस्ता लेखक, घराणं मडगावचं, घरात हाक 'बाबुश'. त्याच दौऱ्यात मोदींनी त्यांच्या हातात ओसीआय कार्ड ठेवलं. मला त्याचा आनंदच झाला होता. पण २०२० पर्यंत गोव्यातल्या सासष्टीतला एखादा मुलगा इंग्लंडात, स्विंडनच्या गोदामात काम मिळावं म्हणून लिस्बनच्या दप्तरात आजोबांच्या जन्माची नोंद करायला जायचा. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल ती वाट देतो. तो पासपोर्ट घेतला की इथला जातो. परक्या देशाचा कारभार हाकणाऱ्याच्या निष्ठेची आपल्याला चिंता नाही, खोकी उचलणाऱ्याच्या निष्ठेची आहे!

आता आपल्या घरात या. अमेरिकेत दहा-बारा वर्षं काढून परत आलेली कुटुंबं या सभागृहातही आहेत. आईवडिलांचा पासपोर्ट भारतीय, मुलं तिकडे जन्मली म्हणून अमेरिकी. वाढली जयनगर-जेपीनगरात, घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, भांडताना इंग्रजी. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं सांगितलं की व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात अशा मुलांना भारतीय विद्यार्थ्यांसारखंच वागवा. तीन महिने गेले नाहीत, तोच ४ मार्च २०२१ ला केंद्राची अधिसूचना आली : ओसीआय मुलांना फक्त एनआरआय जागा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एवढंच केलं, की अधिसूचनेआधी कार्ड मिळालेल्यांना त्यातून वगळलं. म्हणजे एकाच घरात ताईचं कार्ड २०१५ चं, ती सर्वसाधारण जागेसाठी झगडू शकते. धाकट्याचं २०२२ चं, तो एनआरआय शुल्क भरणार. ताट एक, शाळा एक, आणि हक्क कार्डावरच्या तारखेप्रमाणे.

तेवीस फेब्रुवारी २०२४. लंडनमध्ये शिकवणाऱ्या निताशा कौल देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरल्या. हातात ओसीआय कार्ड, आणि आमंत्रण कर्नाटक सरकारचं, संविधानावरच्या परिषदेचं. त्यांना आत सोडलं नाही, परत धाडलं. लेखी कारण मिळालं नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. मे २०२५ मध्ये कार्डही रद्द झालं. त्यांची मतं तुम्हाला पटत नसतील, मलाही सगळी पटत नाहीत. पण आज नावडत्या मतांवर चालली ती कात्री उद्या कुणावर चालेल, याचा हिशेब ठराव लिहिणाऱ्यांनी केला का? ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं तर सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं तरी कार्ड रद्द करायची सोय झाली. गुन्हा शाबित व्हायची वाट बघायची गरजच नाही. आरोपपत्र तुमच्यामाझ्यावरही येऊ शकतं. आपल्याला वकील शोधावा लागेल, देश नाही.

म्हणून मी म्हणतो, सवलती मागू नका. सरकारनं काढून घेतलं तर कोर्टात उभं राहून परत मागता येईल असं काहीतरी मागा.

परदेशातून मतदानाचं मात्र मला कौतुक सांगू नका. भारतीय पासपोर्ट टिकवून बाहेर राहणाऱ्यांना मतदारयादीत नाव घालायचा हक्क केव्हाच मिळालाय. २०२४ च्या लोकसभेला अशी १,१९,३७४ नावं होती. मत द्यायला आले २,९५८, आणि त्यांतले २,६७० केरळचे. महाराष्ट्रात ५,०९७ नावं, मतदार सतरा! प्रत्यक्ष यावं लागतं, तिकीट महाग, सुट्टी नाही, सगळं मान्य. आखातातल्या मल्याळी कामगारालाही तिकीट फुकट मिळत नाही. जो इथल्या खड्ड्यांतून गाडी चालवत नाही, त्यानं इथला नगरसेवक निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुहेरी नागरिकत्व द्या आणि मताचा हक्क वास्तव्याला बांधा. इथे राहा, कर भरा, मग मत द्या.

आणि हेही ऐकून घ्या, कटू आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळानं मंजूर केलं, आणि ओरड झाल्यावर लगेच बाजूला ठेवलं. स्थानिक कोण, तर जन्म इथला, पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि कन्नड. तेव्हा आपल्यातले कितीतरी जण शहाजीराजांच्या इथल्या जहागिरीचा दाखला देत होते! त्यांतलेच काही मुंबईत भूमिपुत्रांची गोष्ट निघाली की टाळ्या वाजवतात, आणि न्यू जर्सीतल्या भाच्याला तिथे ग्रीन कार्ड लवकर मिळत नाही म्हणून हळहळतात. तीन गावांना तीन न्याय लावणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं दिल्लीनं कोणत्या तोंडानं ऐकावं?

मूळ ठराव मी सभेपुढे ठेवणार नाही. माझी दुरुस्ती अशी : एक, कलम ९ बदलून दुहेरी नागरिकत्व कायद्यानंच द्यावं. दोन, ते येईपर्यंत लेखी कारण, सुनावणी आणि अपील यांशिवाय कुणाचंही कार्ड रद्द करू नये, कुणालाही विमानतळावरून परत पाठवू नये. तीन, जी मुलं इथे शिकली त्यांचा प्रवेश इथल्या शाळेच्या दाखल्यावर ठरावा, पासपोर्टवर नाही. चार, मत वास्तव्यावर. शेतजमीन आणि वेगळी रांग वगळली आहे. ज्यांना ती हवीच आहे त्यांनी उभं राहून बोलावं. ध्वनिक्षेपक फिरवायला सांगितलंय. मतदान हात वर करून होईल, आणि मोजणी मी स्वतः करणार आहे.